एकसारखेपणाचा ध्यास : कॅडिलॅक आणि लिंकनचे जनक हेन्री लेलँड

२९ फेब्रुवारी १९०८. इंग्लंडमधील सरे परगण्यात आदल्याच वर्षी खुल्या झालेल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर तीन अमेरिकी मोटारगाड्या येऊन उभ्या राहिल्या. दिसायला साध्या, एका सिलिंडरच्या, किमतीने माफक अशा या गाड्या कॅडिलॅक कंपनीच्या होत्या. कंपनीचे लंडनमधील विक्रेते फ्रेडरिक बेनेट यांच्याकडे असलेल्या आठ गाड्यांमधून रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या अधिकाऱ्यांनी आपल्या मर्जीने त्या निवडल्या होत्या. सुरुवातीला प्रत्येक गाडीने मार्गावर काही फेऱ्या मारल्या. नंतर तिन्ही गाड्या एका जागी नेऊन त्यांचा शेवटचा खिळा-बोल्ट मोकळा होईपर्यंत त्या उकलण्यात आल्या.

प्रत्येक गाडीचे ७२१ भाग निघाले. तिन्ही गाड्यांचे मिळून २,१६३ भाग एकमेकांत मिसळून टाकण्यात आले. कोणता भाग कोणत्या गाडीचा, हे ओळखण्याचा मार्ग उरला नाही. एवढ्यावर न थांबता क्लबच्या अधिकाऱ्यांनी त्यांतील ८९ भाग बाजूला काढले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातील कोरे भाग ठेवले. मग कारागिरांना त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या करण्यास सांगण्यात आले. पाने, स्क्रू-ड्रायव्हर यांसारखी साधी हत्यारे वापरण्यास मुभा होती. कानस वापरण्यास मात्र सक्त मनाई होती. एखादा भाग बसत नसेल तर तो घासून बसवायचा नाही, अशी अट होती.

त्या काळातील मोटार-उद्योगाची रीत लक्षात घेतली, तर ही अट किती कठोर होती ते कळते. युरोपातील उत्तमोत्तम गाड्यांचा प्रत्येक भाग कसबी फिटर हाताने कानस मारून शेजारच्या भागाशी जुळवत असे. त्यामुळे एका गाडीचा दट्ट्या दुसऱ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये बसेलच याची शाश्वती नसे. गाडी बिघडली की नवा भाग मागवायचा आणि तो पुन्हा कारागिराकडून घासून घ्यायचा, हेच गाडी पाळण्याचे गणित होते.

ब्रुकलँड्सवर कानशीला हात न लावता तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या. रंग विजोड झाले होते. एकीचा तुकडा दुसरीला लागला होता. पण इंजिने सुरू झाली आणि १३ मार्च रोजी त्या गाड्यांनी ताशी सरासरी ३४ मैलांच्या वेगाने ५०० मैलांची दौड पूर्ण केली. त्यांपैकी एक गाडी क्लबने कुलूपबंद ठेवली आणि जूनमधील २,००० मैलांच्या चाचणीत थेट उतरवली. तेथेही ती आपल्या गटात पहिली आली. वाहनक्षेत्रातील सर्वांत मोठ्या तांत्रिक प्रगतीसाठी दिला जाणारा ड्यूअर करंडक त्या वर्षी प्रथमच एका अमेरिकी कंपनीला मिळाला.

या यशामागे ज्यांचा हट्ट होता, ते हेन्री मार्टिन लेलँड तेव्हा ६५ वर्षांचे होते. ज्या वयात इतर लोक कामाचा भार उतरवून ठेवतात, त्या वयात त्यांच्या आयुष्यातील मोठी पर्वे अजून सुरू व्हायची होती.

शस्त्रागारातील शाळा

लेलँड यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८४३ रोजी व्हरमाँट राज्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. शाळेपेक्षा कारखान्याशी त्यांचा संबंध लवकर आला. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे क्रॉम्प्टन यांच्या मागांच्या कारखान्यात त्यांनी यंत्रकामाचे धडे गिरवले. एवढ्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तरुण लेलँड बंदूक घेऊन रणांगणावर गेले नाहीत. ते बंदुका घडवणाऱ्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात हत्यारे बनवणारे कारागीर म्हणून दाखल झाले.

हे शस्त्रागार म्हणजे अमेरिकी कारखानदारीची पाठशाळाच होती. रणभूमीवर एका सैनिकाच्या बंदुकीचा घोडा मोडला, तर दुसऱ्या निकामी बंदुकीचा घोडा काढून तो तिथल्या तिथे बसवता आला पाहिजे, ही लष्कराची गरज होती. त्यासाठी हजारो नग एकाच मापाचे निघावे लागत. मापासाठी गेज, कापण्यासाठी ठरावीक साचे आणि तपासणीसाठी स्वतंत्र माणसे अशी शिस्त तेथे दशकानुदशके घडत आली होती. सुटा भाग कोणत्याही एका वस्तूचा नसतो, तो त्या जातीच्या सगळ्याच वस्तूंचा असतो, हा विचार लेलँड यांनी विशीतच आत्मसात केला. पुढे हार्टफर्ड येथील कोल्टच्या पिस्तुलांच्या कारखान्यातही त्यांना हीच शिस्त दिसली.

१८७२ मध्ये ते र्‍होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन अँड शार्प या कंपनीत रुजू झाले. अचूक मोजमापाची उपकरणे आणि यंत्रहत्यारे यांसाठी ही कंपनी जगभर नावाजलेली होती. मायक्रोमीटरसारखे उपकरण सामान्य कारागिराच्या हाती देण्याचे मोठे काम याच कंपनीने केले. लेलँड तेथे शिवणयंत्रांच्या विभागाचे प्रमुख झाले. न्हाव्याच्या हातातील केस कापण्याचे यंत्र, म्हणजे क्लिपर, विकसित करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. पुढे कंपनीचे प्रतिनिधी म्हणून ते गावोगावच्या कारखान्यांत फिरले. मापांबाबत किती हलगर्जीपणा चालतो आणि त्याची किंमत ग्राहक कशी मोजतो, हे त्यांनी तेव्हा जवळून पाहिले.

डेट्रॉइट आणि मोटारीचा प्रवेश

१८९० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, लेलँड यांनी नोकरी सोडून डेट्रॉइट गाठले. लाकडाच्या व्यापारात पैसा कमावलेले रॉबर्ट फॉकनर यांनी भांडवल दिले आणि कारखाना सुरू झाला. पुढे ग्राइंडिंगच्या तंत्रात मोठे नाव कमावणारे चार्ल्स नॉर्टनही आरंभी त्यांच्यासोबत होते. सायकलींचे गिअर, बोटींची इंजिने, यंत्रांचे ओतीव भाग अशी कामे कारखान्यात होऊ लागली. गिअरचे दाते कडक केल्यानंतर घासून अचूक मापात आणण्याच्या कामात लेलँड यांचा हातखंडा होता. त्यांचे पुत्र विल्फ्रेड याच काळात त्यांच्यासोबत आले आणि अखेरपर्यंत सोबत राहिले. वडील यंत्रे सांभाळत, मुलगा हिशेब आणि व्यवहार.

मोटार-उद्योग तेव्हा बाळसे धरत होता. रॅन्सम ओल्ड्स यांच्या गाडीसाठी इंजिने पुरवण्याचे काम लेलँड यांच्या कारखान्याला आणि डॉज बंधूंना मिळाले. आराखडा एकच असूनही लेलँड यांच्याकडची इंजिने अधिक ताकद देत. जादू काहीच नव्हती. भाग मापाबरहुकूम असल्याने घर्षण कमी होई आणि शक्ती वाया जात नसे, एवढेच. पुढे लेलँड यांनी त्याच आकाराच्या इंजिनात सुधारणा करून त्याची ताकद तिपटीहून अधिक, १० अश्वशक्तीच्या पुढे नेली. ओल्ड्स कंपनीने मात्र ते नाकारले. गाडी हातोहात खपत असताना नव्या इंजिनासाठी कारखान्याची घडी मोडायला ती तयार नव्हती.

ते नाकारलेले इंजिन लवकरच कामी आले. हेन्री फोर्ड यांच्या नावाने चालणारी एक कंपनी डेट्रॉइटमध्ये डबघाईला आली होती. भांडवलदारांनी लेलँड यांना सल्लागार म्हणून आणल्याने नाराज झालेले फोर्ड मार्च १९०२ मध्ये तेथून बाहेर पडले होते. ऑगस्टमध्ये कंपनीची यंत्रसामग्री विकायची ठरली आणि तिचे मोल ठरवण्यासाठी लेलँड यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी मोल तर सांगितलेच, पण सोबत आपले इंजिनही नेले आणि कंपनी बंद करण्याऐवजी या इंजिनावर गाडी काढावी, असे संचालकांना पटवून दिले. डेट्रॉइट शहराचे संस्थापक मानल्या जाणाऱ्या फ्रेंच सरदाराच्या नावावरून कंपनीचे नाव कॅडिलॅक ठेवण्यात आले. फोर्ड यांच्या मनात मात्र लेलँड यांच्याविषयीची अढी कायम राहिली. वीस वर्षांनी ती अढी पुन्हा समोर येणार होती.

कारखान्याची शिस्त

जानेवारी १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनात कॅडिलॅकने दोन हजारांहून अधिक मागण्या नोंदवल्या. बैठकीखाली आडवे बसवलेले एक सिलिंडर, त्याभोवती पाण्यासाठी तांब्याचे वेष्टन, दोन गतींचा गिअर आणि मागच्या चाकांना साखळी अशी ही सुटसुटीत गाडी होती. १९०५ मध्ये लेलँड यांचा कारखाना आणि कॅडिलॅक एकत्र आले आणि कंपनीची सूत्रे पूर्णपणे लेलँड पितापुत्रांच्या हाती आली.

लेलँड यांची कार्यपद्धती कडक होती. पांढरी दाढी, उंच देह आणि धर्मनिष्ठ, निर्व्यसनी वृत्ती यांमुळे कामगारांवर त्यांची जरब असे. प्रत्येक भागाच्या मापात किती फरक चालेल, याची मर्यादा आधीच ठरलेली असे आणि तपासनीस ती तंतोतंत पाळत. मर्यादेबाहेरचा भाग बाद होई. स्वीडनमधील कार्ल योहानसन यांनी तयार केलेले मापाचे पोलादी ठोकळे अमेरिकेत सर्वप्रथम वापरणाऱ्यांमध्ये कॅडिलॅकचे नाव घेतले जाते. आरशासारखी झिलई दिलेले हे ठोकळे एकमेकांवर सरकवले की चिकटून बसत आणि त्यांच्या जोडणीतून हवे ते माप इंचाच्या लाखाव्या भागापर्यंतच्या अचूकतेने मिळे. कारखान्यातील सर्व गेज खरे आहेत की नाहीत, याचा निवाडा या ठोकळ्यांनी होई.

या शिस्तीचा चटका बसलेल्यांत एक तरुण व्यापारी होता. त्याचे नाव आल्फ्रेड स्लोन. तो रोलर बेअरिंग बनवणाऱ्या हायॅट कंपनीचा कारभार पाहत असे. त्याने पुरवलेली बेअरिंगे मापात उतरत नाहीत, हे लेलँड यांनी मायक्रोमीटर लावून त्याला दाखवून दिले. हजारो नग पुरवायचे असतील तर हजारावा नग पहिल्यासारखाच हवा, हा धडा स्लोन यांनी कायम लक्षात ठेवला. हेच स्लोन पुढे जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले आणि कंपनीला जगातील सर्वांत मोठ्या उद्योगांच्या पंक्तीत नेऊन बसवले.

लेलँड यांच्या स्वभावाला दुसरी बाजूही होती. डेट्रॉइटमधील कारखानदारांच्या संघटनेचे ते आरंभीचे नेते होते आणि कामगार संघटनांना त्यांचा ठाम विरोध होता. शहराचा कारभार स्वच्छ व्हावा म्हणून त्यांनी नागरिकांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, तरुण कारागिरांसाठी कारखान्यात शिक्षणाची सोय केली. पण कारखान्यातील अंतिम शब्द मालकाचाच, याबाबत त्यांनी कधी तडजोड केली नाही. ज्यांच्या हातांनी ही अचूकता साकारत होती, त्यांना सामूहिकरीत्या बोलण्याचा हक्क देण्यास मात्र ते तयार नव्हते.

स्टार्टर आणि आठ सिलिंडर

१९०९ मध्ये विल्यम ड्युरंट यांच्या जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली. कारभार मात्र लेलँड यांच्याकडेच राहिला. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स कर्जाच्या गर्तेत सापडली, तेव्हा बँकवाल्यांसमोर कंपनीची बाजू मांडून ती वाचवण्यात विल्फ्रेड लेलँड यांचा वाटा मोठा होता. कॅडिलॅकचा नफा आणि नावलौकिक हाच त्या वेळी कंपनीचा भक्कम आधार होता.

मोटार सुरू करण्यासाठी तेव्हा समोरचा लोखंडी दांडा हाताने फिरवावा लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे, कधी जबडा फुटे. लेलँड यांचे स्नेही, मोटार-उत्पादक बायरन कार्टर यांच्या मृत्यूशी अशाच एका अपघाताची कथा जोडली जाते. आपल्या गाडीने माणसे जायबंदी व्हावीत, हे लेलँड यांना सहन होईना. ओहायोतील डेटन येथील चार्ल्स केटरिंग यांच्याकडे त्यांनी हा प्रश्न सोपवला. विजेच्या छोट्या मोटरने इंजिनाला क्षणभर जोराचा रेटा द्यायचा आणि इंजिन सुरू झाल्यावर त्याच यंत्राने बॅटरी भरायची, दिवेही लावायचे, अशी योजना केटरिंग यांनी सिद्ध केली. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या हा स्टार्टर घेऊन बाजारात आल्या आणि कंपनीला ड्यूअर करंडक दुसऱ्यांदा मिळाला. मोटार चालवण्यासाठी मनगटाची ताकद लागेनाशी झाली, आणि स्त्रियांसाठी व वृद्धांसाठी गाडीचे दार खऱ्या अर्थाने उघडले.

१९१४ च्या सप्टेंबरमध्ये कॅडिलॅकने आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन जाहीर केले. अशी इंजिने त्याआधीही बनली होती. पण मोठ्या संख्येने, खात्रीची आणि सुट्या भागांची हमी देणारी व्ही-८ गाडी प्रथमच लोकांसमोर आली. पुढच्या अर्धशतकात अमेरिकी मोटारीची ओळखच व्ही-८ इंजिनाने घडवली. लेलँड त्या वर्षी मोटार-अभियंत्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. एका कंपनीचा बोल्ट दुसऱ्या कंपनीच्या गाडीला चालावा, यासाठी सर्व उद्योगाची मापे एकसारखी करण्याचे काम ही संस्था करत होती. ब्रुकलँड्सवर तीन गाड्यांपुरते जे सिद्ध झाले, ते आता साऱ्या उद्योगाचे धोरण होऊ पाहत होते.

लिंकन : शेवटचा डाव

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. विमानांची लिबर्टी इंजिने बनवण्याचे काम कॅडिलॅकने हाती घ्यावे, असा लेलँड यांचा आग्रह होता. त्यावरून ड्युरंट यांच्याशी मतभेद झाले आणि लेलँड पितापुत्र कॅडिलॅक सोडून बाहेर पडले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी हेन्री लेलँड यांनी नवी कंपनी स्थापन केली. १८६४ मध्ये, मतदानाचा हक्क मिळताच, त्यांनी पहिले मत ज्यांना दिले होते त्या अब्राहम लिंकन यांचे नाव त्यांनी कंपनीला दिले. युद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत या कंपनीने ६,५०० लिबर्टी इंजिने बनवली.

शांततेच्या काळात एवढ्या मोठ्या कारखान्याचे करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे तयार होते. १९२० च्या सप्टेंबरमध्ये लिंकन मोटार बाजारात आली. तिचे व्ही-८ इंजिन आणि यंत्रकाम त्या काळातील सर्वोत्तमांपैकी होते. मात्र गाडीचे बाह्यरूप जुनाट वाटे. बॉडीच्या रचनेची जबाबदारी लेलँड यांचे जावई अँगस वुडब्रिज यांच्याकडे होती आणि त्यांचा मूळ व्यवसाय होता स्त्रियांच्या टोप्यांचा. न दिसणाऱ्या भागांवर जीव ओतणाऱ्या लेलँड यांनी नजरेला प्रथम दिसणाऱ्या भागाकडे दुर्लक्ष केले. त्यातच युद्धोत्तर मंदी आली. मापे चुकू नयेत म्हणून उत्पादनाचा वेग आवरता घेतला जाई आणि गाड्या उशिरा बाहेर पडत. भरीला युद्धकाळातील नफ्यावर सरकारने लाखो डॉलरची करमागणी केली. ती मागणी फुगवलेली होती हे पुढे स्पष्ट झाले, पण तोवर उशीर झाला होता. १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनी न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेली.

४ फेब्रुवारी १९२२ रोजी लिंकनचा लिलाव झाला. ८० लाख डॉलरला ती विकत घेणारी व्यक्ती होती हेन्री फोर्ड. ज्यांच्या कंपनीच्या अवशेषांवर लेलँड यांनी कॅडिलॅक उभी केली होती, त्यांच्याच हाती लेलँड यांची कंपनी गेली. प्रारंभी लेलँड यांनाच कारभार पाहू देण्याची भाषा झाली. मात्र फोर्ड यांच्या माणसांनी कारखान्यात शिरकाव करून कामाच्या पद्धती बदलायला सुरुवात केली. जून १९२२ मध्ये, अवघ्या चार महिन्यांत, पितापुत्रांना बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला.

लेलँड यांना सर्वांत झोंबली ती वेगळीच गोष्ट. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून अनेक सामान्य लोकांनी लिंकनचे समभाग घेतले होते. फोर्ड यांनी देणेकऱ्यांचे पैसे चुकते केले, पण समभागधारकांची भरपाई करण्याचे वचनही त्यांनी दिले होते, अशी लेलँड यांची धारणा होती. हे प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे चालले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल विरोधात गेला. २६ मार्च १९३२ रोजी, ८९ व्या वर्षी डेट्रॉइटमध्ये हेन्री लेलँड यांचे निधन झाले.

फोर्ड यांचे पुत्र एडसेल यांच्या देखरेखीखाली लिंकनला देखणे रूप मिळाले आणि ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यापर्यंत पोहोचली. १९२३ मध्ये तर योहानसन स्वतः फोर्ड कंपनीत दाखल झाले आणि त्यांचे मापाचे ठोकळे फोर्ड यांच्या छत्राखाली बनू लागले. लेलँड गेले, पण त्यांचा मानदंड त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यात रुजला होता.

अस्सल म्हणजे काय?

आज अमेरिकेत जुन्या मोटारी जतन करणे हा मोठा छंद आहे आणि मोठा व्यवहारही. १९३५ मध्ये स्थापन झालेला अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका, १९५८ पासूनचा कॅडिलॅक अँड लासाल क्लब अशा संस्थांच्या मेळाव्यांत परीक्षक गाडीभोवती फिरतात. कारखान्यातून ती ज्या रूपात बाहेर पडली, त्याच रूपात ती आहे का, हे ते पाहतात. बोल्टाचे डोके, नळीला लावलेली पकड, रंगाची छटा चुकली की गुण कापले जातात. गाडीच्या सांगाड्यावरील क्रमांकाशी जुळणारे मूळ इंजिन असेल तर तिचे मोल वाढते. त्यामुळेच दुसऱ्या इंजिनावरील क्रमांक घासून नवा ठोकण्याची लबाडीही होते, आणि खरेदीदाराला तज्ज्ञाची मदत घ्यावी लागते.

या कसोटीला ब्रुकलँड्सच्या त्या तीन गाड्या लावल्या, तर एकही उतरणार नाही. एकीच्या सांगाड्यावर दुसरीचे इंजिन, तिसरीची चाके आणि वर दुकानातील कोरे भाग असा तो मामला होता. तरीही कारखान्याच्या अस्सलपणाचा त्याहून मोठा पुरावा दुसरा कोणता असू शकेल? लेलँड यांच्या लेखी भाग अस्सल ठरत असे तो त्याच्या मापामुळे. तो कोणत्या गाडीतून निघाला, याला त्यांच्याकडे महत्त्व नव्हते. आजच्या संग्राहकाच्या लेखी भागाचे मोल त्याच्या चरित्रात असते : तो याच गाडीसोबत जन्मला का, तिच्यासोबत म्हातारा झाला का.

हे दोन अर्थ परस्परांचे वैरी नाहीत. एक गाडीला जिवंत ठेवतो, दुसरा तिची ओळख राखतो. इतिहासाची साक्ष म्हणून मूळ रंग, मूळ कातडे, मूळ इंजिन जपलेच पाहिजे. एकदा खरवडून काढलेला शंभर वर्षांचा रंग पुन्हा मिळत नाही. पण झिजणे हा ज्यांचा धर्मच आहे, ती बेअरिंगे, दट्ट्यांच्या कड्या, व्हॉल्व्ह बदलावेच लागतात. ते बदलताना नवा भाग मूळ मापाचा असेल आणि बदल झाल्याची नोंद उघडपणे ठेवली जाईल, तर अस्सलपणाला बाध येत नाही. बाध येतो तो खोट्याने : मापातील खोट्याने किंवा क्रमांकातील खोट्याने. पहिले खोटे पकडण्याची साधने लेलँड यांनी उद्योगाला वापरायला लावली. दुसऱ्याला मात्र गेज नाही. तेथे विकणाऱ्याची सचोटीच कामी येते.

एकसारख्या भागांच्या या विचाराने दूरचे देशही जोडले. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली. सातासमुद्रापलीकडे घडलेले भाग खोक्यांतून यायचे आणि मुंबईचे कामगार त्यांतून गाडी उभी करायचे. एका खंडात कापलेला बोल्ट दुसऱ्या खंडात विनातक्रार बसणार, हा विश्वास नसता तर असा कारखाना चाललाच नसता. आज डेट्रॉइट परिसरातील वाहन-उद्योगात काम करणाऱ्या अनेक मराठी अभियंत्यांच्या आराखड्यांवर मापांसोबत चालणाऱ्या फरकाची जी मर्यादा लिहिलेली असते, तिच्यामागेही हीच परंपरा उभी आहे.

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मोटारींची फेरी निघते. १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच तीत प्रवेश असतो. पावसात, थंडीत धापा टाकत जाणाऱ्या त्या ताफ्यात एका सिलिंडरच्या कॅडिलॅक गाड्या आवर्जून दिसतात. त्यांतील कित्येक भाग आजवर बदलले गेले असतील, पुढेही बदलले जातील. जुना भाग निघतो, त्याच मापाचा नवा बसतो आणि गाडी पुढे निघते. हेन्री लेलँड यांनी १९०८ मध्ये जगाला एवढेच दाखवून दिले होते.